ओला, सुका आणि जात



कचऱ्याचा विषय निघाला की चळवळीतला तरुण कंटाळतो. ओला-सुका वेगळा करा, प्लॅस्टिक टाळा, घरी खत बनवा, ही सगळी गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या निवांत लोकांची भाषा आहे, आपल्यापुढे शिष्यवृत्ती आहे, आरक्षण आहे, रोज घडणारे अत्याचार आहेत, असं त्याला वाटतं. त्याला दोष देता येत नाही. हा विषय त्याच्यापर्यंत नेहमी अशाच लोकांनी आणला, ज्यांनी जन्मात कधी दुसऱ्याच्या घरचा कचरा हातात धरला नाही. पण आमचं म्हणणं असं आहे की कचऱ्याइतका जातीने बरबटलेला दुसरा सार्वजनिक प्रश्न या देशात क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच तो पर्यावरणवाल्यांच्या हवाली करून आपल्याला चालणार नाही.

एका पिशवीचा प्रवास पाहा. सकाळी एखाद्या फ्लॅटमधून काळी पिशवी बाहेर येते. तिच्यात रात्रीचा भात आहे, चहाचा चोथा आहे, दुधाच्या पिशव्या, फुटलेला ग्लास, दाढीचं ब्लेड, बाळाचा डायपर, वापरलेलं सॅनिटरी पॅड आणि आजोबांच्या इन्सुलिनची सुई आहे. गाठ मारली की घर स्वच्छ झालं. ती पिशवी इमारतीचा सफाईवाला उचलतो. पुढे घंटागाडीवरची बाई ती फोडते, कारण फोडल्याशिवाय आत विकण्याजोगं काय आहे ते कळत नाही. मग मोठ्या गाडीत एक जण कंबरेपर्यंत कचऱ्यात उभा राहून तो दाबतो. शेवटी डम्पिंगवर कोणीतरी लोखंडी आकड्याने तोच कचरा पुन्हा उकरतो. चार माणसांचे हात लागले. आता या चौघांची जात विचारा. मुंबई असेल तर नवबौद्ध, मेघवाळ, रुखी, वाल्मीकी. पुणे असेल तर महार-मांगांच्या बाया, त्यांतली कित्येक घरं १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली. ज्याने घाण केली तो शुद्ध राहिला आणि ज्याने ती उचलली तो अशुद्ध ठरला. मनुस्मृती पाठ नसलेल्या माणसालाही हे गणित पाठ असतं.

गटारांचा हिशेब तर सरकारनेच मांडून ठेवलेला आहे. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली होती. त्यांत जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर आकडा ९२ टक्क्यांच्या आसपास जातो. खुल्या प्रवर्गाला उरले आठ टक्के. इथल्या या 'आरक्षणा'विरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. गुणवत्तेवर अन्याय झाला म्हणून कोणी कोर्टात गेलं नाही. पन्नास टक्क्यांची मर्यादा इथे कोणाला आठवली नाही.

१९२७ हे साल आपल्याला पाठ आहे. मार्चमध्ये महाडचं चवदार तळं, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन. त्याच साली मुंबईत आणखी एक गोष्ट सुरू झाली, जिची आठवण कोणी काढत नाही: देवनारचं डम्पिंग ग्राउंड. आपण माणूस म्हणून पाण्याला हात लावत होतो आणि शहर आपल्या घाणीसाठी जागा शोधत होतं. शहराच्या मध्यातून हुसकावलेल्या लोकांना पुढे याच डोंगराच्या पायथ्याशी आणून बसवलं गेलं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग सगळ्यांत तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले. तो धूर मुंबईभर पसरला म्हणून त्याची बातमी झाली. गोवंडी, शिवाजी नगर, बैंगनवाडीच्या पोरांच्या छातीत तो त्याआधीही जातच होता. पुण्याने आपली घाण उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारली. गावात आपला वाडा गावकुसाबाहेर, शहरात डम्पिंग शहराच्या कडेला. दोन्हींची जागा ठरवणारं डोकं एकच आहे.

आता ओला-सुका वेगळा करण्यामागचं शास्त्र पाहू, कारण जात तिथेही आहे.

आपल्या शहरांतल्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठं, उष्टं, फळांच्या साली. हा भाग हवा मिळेल असा रचला तर दीड-दोन महिन्यांत त्याचं खत होतं. तोच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डोंगराखाली गाडला तर हवेवाचून कुजतो, मिथेन सोडतो आणि त्या वायूने डम्पिंग पेटतं. खालून काळं पाणी झिरपतं, ते विहिरीत उतरतं. सुक्याचं वेगळं. कोरडा पुठ्ठा, कोरडा कागद, स्वच्छ बाटली, पत्रा, काच यांना भंगाराच्या दुकानात भाव आहे. तोच पुठ्ठा वरणात भिजला की त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे आमटीचं पातेलं कागदावर उपडं करणारा माणूस केवळ पर्यावरण बिघडवत नसतो, तो एका बाईची त्या दिवसाची मजुरी कापत असतो. चिप्सची, शाम्पूची, गुटख्याची चकचकीत पाकिटं बहुतेक भंगारवाले घेत नाहीत, कारण त्यांत प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनिअमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती बनवणारी कंपनी नफा घेऊन जाते. पाकीट वेचणारीच्या पोत्यात राहतं, फुकट ओझं म्हणून.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे सगळं कायद्यात आणलं. कचरा करणाऱ्यानेच तो ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत वेगळा करून द्यायचा, असं तेव्हा ठरलं. पॅड आणि डायपर गुंडाळून द्यायचे, त्यासाठी वेष्टन उत्पादकाने पुरवायचं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलाने आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. कचरावेचकांना या नियमांनी नावानिशी मान्यता दिली. पुण्यात तर कचरावेचक बायांनी सांगितलं की पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून पाहावं लागणार नाही. किती साधी मागणी! लाल पेनाचा एक ठिपका. तरी असंख्य सुशिक्षित घरांना तेवढंही जड जातं. हेल्मेट नसेल तर पोलीस चौकात पावती फाडतो. पण मिश्र कचरा देणाऱ्या संकुलाच्या दारात आला की कायदा फार सौम्य आणि समजूतदार होतो.

कारण काय? वर्गीकरणाने एका बाजूला घरमालकाच्या हाताला काम लागतं आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदाराच्या खिशाला भोक पडतं. जिथे कचरा वाहून नेण्याचे पैसे टनावर मिळतात, तिथे ठेकेदाराला कचरा कमी होणं परवडत नाही. ओलं खतात गेलं, सुकं भंगारात गेलं, तर त्याच्या गाडीत वजन काय राहणार? म्हणून घराघरांत दोन डबे ठेवायला सांगतात आणि खाली गाडीत दोन्ही एकत्र ओततात. लोक म्हणतात, मग आम्ही वेगळा का करायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर वर्गीकरण सोडणं हे नसून त्या गाडीचा फोटो काढून वॉर्ड ऑफिसात जाब विचारणं हे आहे.

यावर एक चमकदार तोडगा नेहमी पुढे केला जातो: कचरा जाळा, वीज काढा. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने असा प्रकल्प उभा राहिला आणि काही दिवसांतच बंद पडला, कारण आपल्या कचऱ्यात ओलावा आणि माती जास्त, जळण्याजोगं कमी. तो नीट जळायचा तर त्यात कागद आणि प्लॅस्टिक लागतं, म्हणजे नेमका तोच माल ज्यावर वेचक जगतात. यंत्राला चारा घालण्यासाठी माणसाचं पोट काढून घ्यायचं, आणि याला आधुनिकीकरण म्हणायचं. गटारात माणसाऐवजी यंत्र उतरवा म्हटलं की हेच लोक पैसे नाहीत म्हणतात. यंत्र कुठे येतं आणि कुठे येत नाही, याचा एक तक्ता चळवळीने करून पाहावा, जात आपोआप वर येईल.

इथे आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे.

चळवळीतले काही ज्येष्ठ विचारतात: बाबासाहेबांनी ही कामं सोडा म्हणून सांगितलं. महाडला मृतमांस सोडायला लावलं. मेलेली ढोरं ओढण्यात उत्पन्न आहे, ते सोडल्याने तुमचं नुकसान होईल, असा हिशेब मांडणारे पत्रपंडित तेव्हाही होते, आणि एवढा फायदा असेल तर तो त्यांनीच घ्यावा, अशा आशयाचं उत्तर बाबासाहेबांनी दिलं होतं. मग आज तुम्ही कचरावेचकांच्या संघटना, सहकारी संस्था, ओळखपत्रं यांचं कौतुक कसं करता? हे तर आपल्या बायांना घाणीतच पक्कं करणं झालं.

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. त्यात स्वाभिमान आहे. पण तो अर्धाच बाबासाहेब घेतो. बाबासाहेबांनी हल्ला केला तो सक्तीवर, वंशपरंपरेवर आणि बिनमोबदला राबवून घेण्यावर. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याचसाठी. 'जातिसंहार'मध्ये त्यांनी श्रमाची वाटणी आणि श्रमिकांची उतरंड यातला फरक दाखवला, तोही याचसाठी. आणि त्याच बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. काम सोडा असं सांगताना, जे अजून त्या कामात आहेत त्यांना त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. नोकरी आहे तोवर तिच्यात पगार, रजा, पेन्शन आणि मान भांडून घ्या, आणि पोराला शिकवून त्यातून बाहेर काढा, अशी ही दुहेरी लढाई आहे. एक हात सोडून दुसऱ्याने टाळी वाजत नाही.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती या लढाईतली एक मोठी गोष्ट आहे. उकिरडा उपसणाऱ्या, चोर म्हणून पोलिसांनी हटकलेल्या बायांनी आम्ही कामगार आहोत असं सांगितलं, महापालिकेकडून ओळखपत्रं घेतली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. घरामागे ठरावीक शुल्क, आणि सुका माल विकण्याचा हक्क बाईचा. उकिरड्यात वाकणं आणि दारात उभं राहून 'ताई, वेगळा करून द्या' असं सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळं गोड आहे असं आम्ही म्हणत नाही. करार संपत आला की नूतनीकरणाची टांगती तलवार असते, ठेकेदारांची नजर असते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं कोर्टात झुंजून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेतलं. ही माणसं कागदावर कामगारसुद्धा नव्हती, 'स्वयंसेवक' म्हणून राबवली जात होती. कायम पगाराने त्यांच्या पोरांची फी भरली जाते. त्या पोरांच्या हातात झाडू येणार नाही याची यापेक्षा चांगली हमी कोणत्या भाषणाने दिली आहे?

उलट टोकालाही एक सापळा आहे, तो गौरवाचा. सफाईला सेवा म्हणा, पूजा म्हणा, कामगाराचे पाय धुवा आणि त्याचा पगार तेवढा तसाच ठेवा. गांधीजींनी १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. गरिबी आणि घाण यांचा असा गौरव करून माणसाला तिथेच ठेवण्याच्या या युक्तीवर बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात कडक टीका केली. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान निघालं तेव्हा बोधचिन्ह म्हणून गांधींचा चष्माच आला. त्या चष्म्यातून रस्ता दिसला, रस्ता झाडणारी दिसली नाही. झाडू हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी घरी दोन डबे ठेवू लागले?

लाड-पागे समितीचा मुद्दाही इथे टाळता येणार नाही, जरी तो नाजूक आहे. या समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. अनेक घरं यावर उभी आहेत, ती काढून घ्या असं म्हणणाऱ्याच्या विरोधात आम्ही उभे राहू. पण बापाचा झाडू मुलाकडे, हे वाचताना वतनाची आठवण येत नाही असंही खोटं आम्ही बोलणार नाही. मुलगी बी.कॉम. असेल तर तिला लेखा विभागात जागा मागा. वारसा नोकरीचा असू द्या, झाडूचा नको. युनियनच्या मागण्यांत हे कलम वरच्या ओळीत आलं पाहिजे, आणि ते तरुणांनीच लावून धरलं पाहिजे, कारण जुन्या पुढाऱ्यांना नोकरी मिळाली यातच समाधान असतं.

आता ६ डिसेंबर.

दरवर्षी चैत्यभूमीवर लाखोंचा भीमसागर येतो आणि दरवर्षी काही मंडळींना दादर अस्वच्छ झाल्याचा साक्षात्कार होतो. यांच्या नाकाला विसर्जनानंतरच्या चौपाटीचा वास येत नाही. तिथे श्रद्धा असते, इथे घाण असते. हे जातीचं नाक आहे, त्याला तसंच उत्तर द्यायचं. पण त्यांच्या ढोंगाकडे बोट दाखवून झालं की आपल्यापुढचा प्रश्न तसाच उरतो: ७ डिसेंबरला पहाटे शिवाजी पार्क कोण झाडतं? पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या उष्ट्या ताटल्या, केळीच्या साली कोण उचलतं? गळ्यात निळा रुमाल घालून आपण परतीच्या गाडीत झोपलेलो असतो तेव्हा आपलीच एक बहीण गमबूट घालून तिथे वाकलेली असते. आदल्या दिवशी तिलाही रांगेत उभं राहून अभिवादन करायचं होतं. जो समाज दुसऱ्याची घाण उचलायला नकार देऊन उभा राहिला, त्याने आपली घाण आपल्याच बहिणीवर टाकावी हे कोणत्या धम्मात बसतं?

१४ एप्रिलचंही तेच. डीजेला पैसे असतात, नेत्यांच्या फ्लेक्सला असतात. तो फ्लेक्स जयंतीनंतर झोपडीच्या छपरावर जातो आणि फाटला की नाल्यात. कमिटीच्या अंदाजपत्रकात कचऱ्याची एक ओळ असायला हवी. अन्नदानाला बचत गटाकडून स्टीलची ताटं भाड्याने आणता येतात, चार पैसे बायांनाच मिळतात. पाउच आणि बाटल्यांऐवजी नळाची टाकी आणि पेले ठेवता येतात. कापडी बॅनर एकदा शिवला तर दहा वर्षं चालतो. पंगतीच्या टोकाला दोन पिंप, एकात उष्टं, दुसऱ्यात सुकं, आणि पिंपापाशी एक कार्यकर्ता उभा, हे न चुकता. सुका माल वस्तीतल्या वेचक बाईला बोलावून द्या आणि त्या दिवसाची हजेरीही द्या, उपकार म्हणून नको. मिरवणूक संपल्यावर झाडू अध्यक्षाने, सचिवाने आणि सूत्रसंचालन करणाऱ्याने हातात घ्यावा. वस्तीतल्या सफाई कामगारांना त्या रात्री खुर्चीवर बसवा.

वर्षभराचं काम मात्र मांडवाबाहेर आहे. गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे कोणी गेला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. घरच्यांना हे माहीत नसतं, ठेकेदार दोन-पाच लाख हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतो. म्हणून बातमी कळली की त्या घरी सर्वांत आधी आपला वकील आणि कार्यकर्ता पोहोचला पाहिजे. आणि बातमीची वाट पाहायची नसेल तर माहितीचा अधिकार आहे. आपल्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला विचारा: कचरा वाहतुकीचे पैसे टनावर देता की कशावर, गेल्या तीन वर्षांत हातमोजे आणि गमबूट किती घेतले आणि कोणाला दिले, कंत्राटी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरल्याच्या पावत्या दाखवा, मिश्र कचरा देणाऱ्या किती संकुलांना दंड केला, गटारात किती माणसं गेली आणि किती घरांना पूर्ण भरपाई पोहोचली. अर्ज साध्या कागदावर होतो. फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. पहिला अर्ज स्वतःच्या वॉर्डाचा टाका.